लाकडी फरशी घालायची तर: सांगलीतल्या घरासाठी तयारीची यादी

यादीत सगळ्यात वर घराचं ठिकाण लिहा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी नदी त्याच्या वर गेली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर ५७ फुटांच्याही पुढे. त्यातल्या एका जरी वर्षी तुमच्या तळमजल्यात पाणी शिरलं असेल, तर तिथे लाकूड घालू नका. शहाबादी फरशी पुरानंतर चिखल काढून, धुऊन परत वापरता येते. लाकडी फळ्या मात्र फुगतात, कडा उचलतात आणि शेवटी काढूनच टाकाव्या लागतात. हौस आहे ना, मग माडीवरची खोली निवडा. पुढचं सगळं माडीवरच्या १० बाय १२ फुटांच्या, शहाबादी घातलेल्या खोलीसाठी आहे.

काम कधी काढायचं हेही आधीच ठरवा. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं. चार इंची सागवानी फळीतला ओलावा चार टक्क्यांनी वाढला, तर तिची रुंदी अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरने वाढते. ऐकायला हे काहीच नाही, पण १० फुटांत अशा ३० फळ्या बसतात, म्हणजे एकूण दीड-दोन सेंटिमीटर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फळ्या गच्च बसवल्या, तर आषाढात त्या एकमेकींना ढकलून मधे फुगवटा येणार. भर पावसात बसवल्या, तर उन्हाळ्यात फटी पडणार. म्हणून दिवाळी झाली की काम सुरू करावं आणि संक्रांतीच्या आसपास उरकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याआधीच्या पावसाळ्यात एक काम करून ठेवा. श्रावणात खोलीच्या भिंतींवर ओल जिथपर्यंत चढते, तिथे पेन्सिलीने रेघ मारा. शेजारी बाथरूम असेल तर ती भिंत आणि तिथला फरशीचा कोपरा नीट बघा. गळका नळ, फुटका पाइप, गच्चीतली चीर हे सगळं लाकूड घ्यायच्या आधी दुरुस्त झालं पाहिजे. खालून झिरपणारं पाणी कुठलंही पॉलिश थांबवू शकत नाही.

आता जुनी फरशी. हातोडीच्या दांड्याने प्रत्येक लादी ठोकून बघा. सगळीकडे भरीव आवाज आला आणि उंचीची अडचण नसेल, तर जुन्या फरशीवरच प्लाय टाकून काम भागतं. लाद्या पोकळ वाजत असतील तर उचला. मेन स्विच बंद करा, कारण जुन्या घरांत वायरचा पाइप कधीकधी फरशीखालच्या थरातून नेलेला असतो. आधी स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, काढायचं, मग दारापाशी एक लादी फोडून पहारीला जागा करायची. तिथून पुढच्या लाद्या बऱ्याचदा अख्ख्या निघतात. त्या परसात उपयोगी पडतात, फोडून वाया घालवू नका.

राडारोड्याचा हिशेब मात्र लोक करतच नाहीत. १२० चौरस फुटांतली शहाबादी आणि तिच्याखालचा दोन इंचांचा थर मिळून वजन दोन टनांच्या आसपास जातं. सगळा ढीग खोलीच्या मध्यात रचू नका, स्लॅबवर भार येतो. सिमेंटची रिकामी पोती अर्धीच भरा, भिंतीकडेने पसरून ठेवा आणि रोजच्या रोज खाली उतरवा. ट्रॅक्टर ट्रॉली आधीच सांगून ठेवा, खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनाही कल्पना द्या. दगडाची धूळ फुप्फुसाला फार वाईट. साधा रुमाल बांधून चालत नाही. एन-९५ मास्क, चष्मा आणि जाड हातमोजे हवेतच.

थर उकरल्यावर जमीन दोनेक इंचांनी खाली जाते. ती कोब्याने, म्हणजे सिमेंट-वाळूच्या थराने, भरून घ्यावी लागते आणि इथेच धीर लागतो. कोब्यावर निदान आठवडाभर पाणी मारायचं, आणि मग तो महिना-दोन महिने नुसता सुकू द्यायचा. सुकला की नाही हे रंगावरून कळत नाही. दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा चौकोन घ्या, चारही कडांना रुंद चिकटपट्टी लावून कोब्यावर हवाबंद बसवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. आतून दव धरलं असेल किंवा खालचा भाग गडद झाला असेल, तर अजून थांबा. कोरडा निघाला तरी हीच तपासणी बाथरूमकडच्या कोपऱ्यात वेगळी करा.

सपाटी बघायला सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आडवी, उभी आणि तिरकी फिरवा. पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली, तर उंचवटा घासा आणि खड्डा भरा. उंचीचं गणितही याच वेळी मांडा: प्लाय १८ आणि फळी १८, म्हणजे ३६ मिलिमीटर. शेजारच्या खोलीची फरशी आणि दाराची खालची फट यांच्याशी ते जुळलं पाहिजे, नाहीतर दार तासावं लागेल. बाथरूमच्या दारापुढे मी तरी लाकूड नेणार नाही. तिथे ग्रॅनाइटची पट्टी उंबऱ्यासारखी बसवावी आणि पाणी तिथेच अडवावं.

वाळवीचं औषध कोबा आणि प्लायच्या मधल्या वेळात करून घ्या. भिंत आणि जमीन मिळतात त्या रेषेत फुटाफुटावर भोकं पाडून त्यात इमिडाक्लोप्रिडसारखं औषध सोडतात. हे काम मात्र परवानाधारक माणसाकडून करून घ्यावं. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण बाहेरचा पांढरट भाग ती खाते. म्हणून टिंबर एरियातल्या वखारीत गेलात की पांढऱ्या कडांच्या फळ्या बाजूला काढायला सांगा.

लाकूड घरात येतं ते इतकं सगळं झाल्यावर. १२० चौरस फुटांसाठी १३२ घ्या. कापण्यात आणि गाठी-चिरा वगळण्यात एवढं जातंच. टंग अँड ग्रूव्हच्या, म्हणजे एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसणाऱ्या, फळ्या भट्टीत सुकवलेल्या हव्यात. वखारवाल्याच्या शब्दावर न जाता ओलावा मोजायचं मीटर पाच-सात फळ्यांना लावा. १० ते १२ टक्के आलं तर उत्तम, १६ आलं तर परत फिरा. आणलेल्या फळ्या त्याच खोलीत, मधे रिपा घालून, हवा खेळेल अशा रचून निदान दोन आठवडे ठेवा. खिडक्या एरवी असतात तशाच असू द्या.

हत्यारांत काटकोन बघायचा गुण्या, सुताची दोरी, रबरी हातोडा, बारीक दात्यांचं गोल करवत आणि १२ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पाचरी लागतील. पाचरी चारही भिंतींकडेने लावायच्या आणि शेवटी काढून घ्यायच्या. फुगणाऱ्या लाकडाला तीच जागा मिळते आणि वर स्कर्टिंग आलं की ती दिसतही नाही. जवसाच्या तेलाचं पॉलिश करणार असाल, तर तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

राहिली घरातली माणसं. बादलीभर पाणी ओतून फरशी धुवायची आपल्याकडची सवय या खोलीपुरती बंद करावी लागणार. आईला, बायकोला आणि कामाला येणाऱ्या मावशींना हे काम सुरू व्हायच्या आधीच सांगा आणि घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं हे ठरवून घ्या. कुणाला हे जमणार नसेल, तर तेही आत्ताच कळलेलं बरं, म्हणजे तीच खोली चांगल्या टाइल घालून करता येईल.