भटक्या मांजरांची वसाहत सांभाळताना या चुका टाळा

वसाहतीतील मांजरांची संख्या वाढू लागली, नेहमीचा एखादा बोका दिसेनासा झाला किंवा आसपासच्या लोकांच्या तक्रारी येऊ लागल्या, की स्वयंसेवक पिंजऱ्यांची आणि औषधांची चौकशी सुरू करतात. माझे मत असे आहे, की अशा वेळी सर्वांत आधी खाणे देण्याची पद्धत तपासावी. ताटली दिवसभर भरलेली असली की मांजरे सवडीने एकेकटी येऊन जातात, त्यामुळे कोण आले आणि कोण आले नाही याचा पत्ता लागत नाही. शिवाय उरलेल्या अन्नावर मुंग्या, माश्या आणि उंदीर येतात आणि तक्रारींना आयते कारण मिळते. खाणे रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी द्यावे, मांजरे खात असताना तेथेच थांबावे आणि साधारण अर्ध्या तासाने उरलेले उचलून जागा स्वच्छ करावी. स्वच्छ पाणी मात्र कायम असू द्यावे.

हा अर्धा तास पाहणीचाही असतो. प्रत्येक मांजराचे दोन्ही बाजूंनी घेतलेले छायाचित्र, अंगावरच्या खुणा, नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाचे टोक कापलेले आहे की नाही, आणि शेवटचे कधी खाताना दिसले, एवढी नोंद वहीत असावी. दोन काळी मांजरे एकच समजली गेल्यामुळे एखादी मादी नसबंदीवाचून राहून जाते. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमीच मादी असते, हे लक्षात ठेवले तर आधी कोणाला पकडायचे हे ठरवणे सोपे जाते.

निम्म्या मांजरांची नसबंदी करून थांबणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मादी चार ते पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो आणि पिल्लांना दूध पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते; म्हणून सुटलेल्या एक-दोन माद्यासुद्धा सगळ्या श्रमांवर पाणी फिरवतात. बोक्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर लगेच माद्या गाभण दिसल्या, तर शस्त्रक्रिया फसली असे समजू नये, कारण नसबंदीनंतरही काही आठवडे बोक्याकडून गर्भधारणा होऊ शकते.

मांजर पिंजऱ्याजवळ येते, वास घेते आणि निघून जाते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. बहुतेक वेळा त्याचे पोट भरलेले असते, कारण त्याच परिसरात दुसरे कोणीतरी कळवळ्याने खाणे ठेवून गेलेले असते. म्हणून खाणे देणाऱ्या प्रत्येकाशी आधी बोलून आदल्या दिवसापासून खाणे बंद ठेवावे. दाणे पिंजऱ्याच्या तोंडाशी न पसरता अगदी मागच्या टोकाला, दार पाडणाऱ्या पट्टीच्या पलीकडे ठेवावेत, म्हणजे पट्टीवर पाय पडल्याशिवाय मांजर तिथवर पोचत नाही. बुजऱ्या मांजरासाठी दार घट्ट बांधून उघडे ठेवावे आणि काही दिवस रोजचे खाणे पिंजऱ्यातच द्यावे. दार पडताच पिंजऱ्यावर जाड कापड टाकावे. अंधार झाला की धडपड बहुधा थांबते. लावलेला पिंजरा नजरेआड सोडून जाणे मात्र कदापि क्षम्य नाही, कारण आत अडकलेले मांजर ऊन, पाऊस, कुत्री आणि माणसे यांच्यापुढे पूर्णपणे असहाय असते.

शस्त्रक्रियेनंतर मांजराला घाईने सोडू नये. भुलीतून बाहेर येताना त्याला शरीराचे तापमान राखता येत नाही, म्हणून ते कोरड्या, उबदार जागी ठेवावे आणि पूर्ण सावध होऊन चालू लागेपर्यंत, तसेच पशुवैद्यांनी सांगितलेला काळ उलटेपर्यंत सोडू नये. सोडताना मूळ जागीच सोडावे. दूर नेऊन सोडलेले मांजर अनोळखी भागात भरकटते किंवा परतण्याच्या प्रयत्नात जीव गमावते, आणि रिकाम्या जागी नसबंदी न झालेली नवी मांजरे येऊ शकतात.

एकटी पिल्ले दिसली की ती उचलून आणण्याचा मोह होतो. आई बहुतेक वेळा अन्नाच्या शोधात गेलेली असते. पिल्ले उबदार, शांत आणि भरल्या पोटाची दिसत असतील, तर दूर थांबून काही तास वाट पाहावी. ती गार पडलेली किंवा सतत ओरडणारी असतील तर मात्र थांबू नये. भुकेल्या पिल्लाला गाईचे दूध पाजले तर जुलाब होऊन ते आणखी खालावते. पिल्ले माणसाळवून घरे द्यायची असतील, तर वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा काळ सर्वांत अनुकूल असतो.

औषधांच्या बाबतीत स्वतःचा अंदाज चालवू नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, आणि कुत्र्यांच्या पिसवांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजरांना विषारी असते. बोका लघवीसाठी वारंवार बसतो आहे, कुंथतो आहे आणि थेंबही पडत नाही असे दिसले, तर मूत्रमार्ग तुंबल्याची शक्यता असते. त्याला सकाळची वाट न पाहता त्याच वेळी पशुवैद्यांकडे न्यावे.

पकडताना मांजर चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. मांजराचे लसीकरण झालेले आहे की नाही, हे डॉक्टरांना सांगता यावे म्हणून नोंदवही सोबत न्यावी.