खासगी ईमेल आणि व्हीपीएन: लिनक्स-अँड्रॉइडवर या चुका टाळा

प्रोटॉन मेल या खासगी ईमेल सेवेचं फुकट खातं उघडायचं आणि मग ते लिनक्सवरच्या थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रामला जोडायला बसायचं, ही सर्रास होणारी चूक. त्यासाठी ब्रिज नावाचा प्रोग्राम लागतो आणि तो फक्त पैसे भरलेल्या खात्यावर चालतो. टुटा या दुसऱ्या खासगी सेवेत तर आयमॅपच (बाहेरच्या प्रोग्राममध्ये मेल वाचायची सोय) नाही. त्यांचंच अ‍ॅप वापरावं लागतं. थंडरबर्ड सुटणार नसेल तर खातं उघडण्याआधीच याचा विचार करा, कारण नवा पत्ता सगळ्यांना कळवून झाल्यावर माघार घेणं फार जड जातं. ब्रिज चालू असूनही लॉगिन होत नाही? तिथे खात्याचा नाही, ब्रिजने दिलेला वेगळा पासवर्ड टाकायचा असतो.

समोरचा जीमेलवर असेल तर तुमचा साधा मेल गूगलला वाचता येतो. प्रोटॉनमध्ये विषयाची ओळही एंड-टू-एंड एन्क्रिप्ट (फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वाचता येईल अशी कुलूपबंद) होत नाही, टुटामध्ये होते. त्यामुळे आजाराचं नाव किंवा पॅन नंबर विषयात लिहू नका. प्रोटॉनची रिकव्हरी फ्रेज (पासवर्ड विसरल्यास लागणारे शब्द) मात्र आजच कागदावर उतरवा. ती नसताना पासवर्ड रीसेट केला तर खातं परत मिळतं, पण जुने मेल कुलूपबंद राहतात.

व्हीपीएन म्हणजे तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारा कुलूपबंद बोगदा. त्यात गळती बहुधा सेटिंगमधून होते. वायरगार्ड या व्हीपीएन प्रोग्रामच्या फाइलमध्ये ‘अलाउड आयपीज’पुढे (AllowedIPs) फक्त 0.0.0.0/0 असेल तर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांवरची ये-जा) बोगद्याबाहेरून जातं. जिओसारख्या नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास असतं, म्हणजे व्हीपीएन चालू दिसतो आणि खरा पत्ता उघडा पडतो. स्वल्पविराम देऊन ::/0 जोडा. ‘रिझॉल्व्हकॉन्फ सापडत नाही’ अशी एरर आली तर ओपनरिझॉल्व्ह (openresolv) पॅकेज टाका. डीएनएसची (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) ओळ खोडून एरर घालवू नका, त्याने डीएनएस पुन्हा इंटरनेट कंपनीकडे जाऊ शकतं. हँडशेक (सर्व्हरशी पहिली जोडणी) होतो पण वेबसाइट अर्धवट उघडतात, तेव्हा त्याच फाइलमध्ये एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) 1280 करून पाहा.

सर्व्हर भारतातलाच हवा, हा हट्टही सोडा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवणं बंधनकारक झालं आणि नॉर्ड, एक्सप्रेस, सर्फशार्क यांनी इथले सर्व्हर काढून घेतले.

अँड्रॉइडवर नेटवर्क सेटिंगमधल्या व्हीपीएनसमोरचं चाक दाबा आणि ‘ऑलवेज-ऑन’ व ‘व्हीपीएनशिवाय जोडणी रोखा’ हे दोन्ही चालू करा. यूपीआय अ‍ॅप व्हीपीएनमधून वगळलेलं असेल तर ते यानंतर अडकेल: रोखलेल्या फोनवर वगळलेल्या अ‍ॅपला नेटच मिळत नाही. अशा वेळी वगळणी काढा आणि जवळचा सर्व्हर निवडून पाहा. अ‍ॅप तरीही नकार देत असेल, तर पैसे भरण्यापुरतं दुसरं बटण बंद करून वगळणी परत घाला.