गर्भधारणेस अनुकूल दिवस कसे ओळखावेत

पाळीच्या १४व्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडते, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. मात्र हे गणित २८ दिवसांच्या चक्रापुरतेच खरे आहे. स्त्रीबीज बीजकोशातून बाहेर पडल्यानंतर पुढील पाळी येईपर्यंतचा काळ साधारण १२ ते १४ दिवसांचा असतो आणि तो फारसा बदलत नाही. चक्र लांबते किंवा आखडते ते मुख्यतः त्याआधीच्या टप्प्यात. म्हणून मोजणी पुढच्या पाळीच्या अपेक्षित तारखेपासून मागे करावी.

रक्तस्राव सुरू झाल्याचा दिवस हा चक्राचा पहिला दिवस धरून किमान सहा महिन्यांच्या तारखा लिहून ठेवाव्यात. एखाद्या स्त्रीचे चक्र ३५ दिवसांचे असेल, तर स्त्रीबीज २१व्या दिवसाच्या आसपास बाहेर पडेल. ते जेमतेम १२ ते २४ तास टिकते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे या स्त्रीसाठी १६ ते २१ हे दिवस महत्त्वाचे ठरतात, त्यांतही शेवटचे तीन अधिक.

तारखांच्या जोडीला शरीराच्या खुणा पाहाव्यात. या दिवसांत गर्भाशयमुखातील स्राव अंड्याच्या कच्च्या पांढऱ्यासारखा पारदर्शक, निसरडा व ताणला जाणारा होतो. ‘अंगावरून पांढरे जाते’ म्हणून अनेक जणी त्याची धास्ती घेतात, पण खाज किंवा दुर्गंधी नसल्यास तो आजार नव्हे. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी घेतलेले तापमान सुमारे ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढते, परंतु स्त्रीबीज बाहेर पडून गेल्यावर; त्यामुळे त्याचा उपयोग अंदाज पडताळण्यापुरता. औषधांच्या दुकानात मिळणारी, स्त्रीबीज बाहेर पडण्याची वेळ ओळखणारी लघवीच्या तपासणीची पट्टी एक-दीड दिवस आधी सूचना देते, मात्र पीसीओएस (संप्रेरकांच्या असंतुलनामुळे बीजकोशाचे काम बिघडण्याचा विकार) असल्यास ती फसवू शकते. पाळी फारच अनियमित असेल, तर हिशेब करत बसण्यापेक्षा डॉक्टरांना भेटावे. गर्भधारणा टाळण्यासाठी केवळ या मोजणीवर विसंबणे धोक्याचे आहे.

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ न राहिल्यास, आणि स्त्रीचे वय ३५ किंवा त्याहून अधिक असल्यास सहा महिन्यांनंतर, दोघांनीही तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे सुनेच्या तपासण्यांची फाईल जाड होते आणि मुलाची वीर्यतपासणी सर्वांत शेवटी होते; वास्तविक ती सोपी व स्वस्त असल्याने सुरुवातीलाच व्हायला हवी. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे तंबाखू वा दारू सोडल्याचा परिणाम अहवालात दिसायलाही तेवढा अवधी द्यावा लागतो.