वाइनसाठी फळं थोडी थोडी जमवा
घरच्या वाइनला पुरतील एवढ्या बेरी एका दिवसात काही मिळत नाहीत. पाच लिटरला दीड-दोन किलो तरी लागतात, आणि झुडपावर रोज पिकतात मूठभर.

पिकलेल्या तेवढ्याच तोडा, देठ काढा, पिशवीत भरून थेट फ्रीजरमध्ये. पिशवीवर वजन लिहा, नाहीतर नंतर अंदाजपंचे चालतं! वजन भरलं की सगळ्या एकदम काढा आणि वितळू द्या. गोठल्याने पेशी फुटतात, त्यामुळे बोटाने दाबलं तरी रस सुटतो. ठेचत बसायला नको. पिशवीत उतरलेला रसही घ्या.

रानद्राक्षं तोडताना आधी एक मणी फोडून बघा. बी थेंबाच्या आकाराची हवी. चंद्रकोरीसारखी चपटी एकच बी निघाली तर ते रानद्राक्षासारखं दिसणारं विषारी फळ, मूनसीड. तोंडात घालू नका.