दोन एकर वावराचं काय करावं?

वाटणीत दोन एकर वावर आलं की जो तो सल्ला देतो: संत्रा लावा, मक्त्यानं (खंडानं कसायला) द्या, विकून मोकळे व्हा. ते सगळं नंतर.

आधी कागद. ताजा सातबारा आणि आठ-अ काढा. फेरफार झाला का (म्हणजे तुमचं नाव लागलं का), इतर हक्कात कर्जाचा वगैरे बोजा आहे का, जमीन भोगवटादार वर्ग 1 ची की 2 ची, ते बघा. वर्ग 2 ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. धुऱ्याचा (बांधाचा) वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज भरा.

मग पाणी, आणि माझ्या मते निम्मा निर्णय इथंच होतो. श्रावणात विहीर भरलेली दिसते, त्यावर जाऊ नका. मे महिन्यात मोटार लावून ती सलग किती वेळ चालते आणि विहीर पुन्हा कधी भरते, ते पाहा. विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात बोअरला पाणी लागलं तरी तपासल्याशिवाय ओलीत करू नका. खाऱ्या पाण्यानं काळी जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी होते.

पाणी पुरेसं असेल तरच संत्र्याचा विचार करा. मीटरभर खड्डा खणून मातीचे थर बघा. खाली चुनखड लागली किंवा पाणी साचत असेल, तर संत्रा नकोच. 6 बाय 6 मीटरवर एकरी साधारण 111 झाडं बसतात, पण पहिली चार-पाच वर्षं हाती काही येत नाही. तोवर घर कशावर चालेल, हे आधी ठरवा. कोरडवाहू भारी जमिनीत सोयाबीन-तूर घ्या, हलक्या मुरमाडीत सीताफळ बरं.

घरचं कोणी गावात राहत नसेल तर रोही (नीलगायी) आणि रानडुकरं पीक ठेवणार नाहीत. अशा वेळी मक्ता बरा, पण एका हंगामापुरता आणि लेखी. विदर्भाला 1958 चा वेगळा कूळ कायदा लागू आहे, म्हणून मसुदा वकिलाला दाखवा. पीक बुडालं तर सरकारी मदत सहसा सातबाऱ्यावरच्या मालकाच्या खात्यात येते, राबलेला माणूस कोरडाच राहतो. ती रक्कम त्याला द्यायची, असं करारात लिहाच.

विकायचंच ठरलं तर तुकडेबंदी कायद्यामुळे थोडे गुंठे वेगळे काढून देणं अडतं. तलाठ्याकडे सध्याची मर्यादा विचारा, आणि पहिली विचारणा धुऱ्याला लागून असलेल्या शेतकऱ्याकडे करा.