अठरा वर्षांखालच्या मुलांचं पिअर्सिंग: पालकांची संमती नेमकी कशी द्यायची?

मुलाने किंवा मुलीने 'मला भुवईला पिअर्सिंग करायचंय' असं जाहीर केलं की काही पालक ऐकायच्या आधीच नाही म्हणतात आणि काही 'बरं, सही कुठे करू' म्हणून मोकळे होतात, आणि नियम दोघांनीही वाचलेले नसतात.

स्टेप १: आधी नियम बघा, मग भांडा

सगळीकडे लागू होईल असा एकच कायदा नाहीये. उदाहरणार्थ अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १८ वर्षांखालच्या मुलाचं पिअर्सिंग करायचं तर पालक समोर हजर हवेत नाहीतर त्यांचं नोटरी केलेलं पत्र हवं, पण कान टोचणं त्यात धरलेलंच नाही. उलट ब्रिटनमधल्या वेल्समध्ये फेब्रुवारी २०१८ पासून जीभ, निपल आणि जननेंद्रियांचं पिअर्सिंग १८ च्या आत करताच येत नाही, आईबाबा दोघं येऊन हो म्हणाले तरी नाही. म्हणजे वय किती आणि टोचायचं कुठे, हे दोन्ही बघावं लागतं. त्यावर परत स्टुडिओचे स्वतःचे नियम असतात, ते कायद्यापेक्षा कडक असू शकतात, त्यामुळे जायच्या आधी फोन करून विचारा.

स्टेप २: कागदपत्रं

साधारणपणे तुमचा फोटो आयडी, मुलाचा वयाचा पुरावा आणि तुमचं नातं दाखवणारं काहीतरी लागतं. आडनावं वेगळी असतील, घटस्फोट झाला असेल, किंवा मूल आजी-आजोबांकडे वाढत असेल तर कायदेशीर पालक असल्याचा कागद जवळ ठेवा. मावशी, काका, मोठी ताई सोबत आली म्हणून चालेलच असं नाही, इथेच बरेच जण अडकतात आणि मग काउंटरवर हुज्जत घालत बसतात.

स्टेप ३: फॉर्म वाचा, खरंच वाचा

कुठली जागा टोचणार हे स्पष्ट लिहिलेलं हवं, नुसतं 'कान' नको, कारण कानाची पाळी साधारण ६ ते ८ आठवड्यांत भरते पण वरच्या कूर्चेला (कानाच्या कडक भागाला) ६ महिने ते वर्ष लागू शकतं. अ‍ॅलर्जी (विशेषतः निकेलची), मधुमेह, हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं यातलं काही लपवू नका, शंका असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कोरा फॉर्म सही करून मुलाच्या हातात देऊ नका.

स्टेप ४: मुलाला एकट्याला गाठून विचारा

तुमची सही म्हणजे मुलाचा होकार नाही. मैत्रिणींनी केलं म्हणून करतेय का, शाळेत किंवा खेळताना काढावं लागेल हे माहितीये का, रोज साफ कोण करणार, हे घरीच बोलून घ्या. खुर्चीत बसल्यावर मूल नको म्हणालं तर तिथेच थांबायचं, अ‍ॅडव्हान्स दिलेला असला तरी. चांगला पिअर्सर स्वतःही मुलाला थेट विचारतो.

स्टेप ५: स्टुडिओची परीक्षा घ्या

सुई एकदाच वापरायची आणि पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं, बाकी अवजारं ऑटोक्लेव्हमधून (वाफेच्या दाबाने जंतू मारणाऱ्या यंत्रातून) निघालेली. पिअर्सिंग गन असेल तर मी तरी परत फिरेन, प्लास्टिकचे भाग असलेली गन ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही आणि कूर्चेला तिचा धक्काही जास्त बसतो. दागिना इम्प्लांट-ग्रेड (म्हणजे शरीरात बसवायला चालेल अशा दर्जाच्या) टायटॅनियमचा घ्या. आणि जो तुमचा आयडीच मागत नाही, 'चालतंय हो' म्हणतो, त्याच्याकडे तर मुळीच नको. जो कागद बघत नाही तो सुई बघत असेल यावर माझा विश्वास नाही.

स्टेप ६: घरी आल्यावर

फॉर्मची कॉपी आणि काळजीची सूचना मागून घ्या. हात धुवून दिवसातून एक-दोनदा स्टराइल सलाइन (निर्जंतुक मिठाचं पाणी) लावायचं, दागिना फिरवत बसायचं नाही, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचं नाही. सुरुवातीला थोडी सूज, पांढरट द्राव येणं नॉर्मल आहे. पण लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जा आणि दागिना स्वतःच्या मनाने काढू नका, कारण भोक वरून बंद होऊन पू आत अडकू शकतो.