नव्या महागड्या घड्याळात दोष दिसला? या चुका टाळा

माझं नवं ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं घड्याळ पहिला आठवडा अगदी नीट चाललं आणि मग एका सकाळी सात मिनिटं पुढे निघालं. किती दिवस मनात धरून घेतलेली वस्तू! मला काही सुचेना. मागचं झाकण उघडून घ्यायला मी तडक ओळखीच्या घड्याळजीकडे गेलो. उघडायला त्याने साफ नकार दिला. टेबलावरचं छोटं होकायंत्र उचलून त्याने घड्याळाशेजारी धरलं, तशी सुई सर्रकन वळली. "रात्री कुठे ठेवता?" त्याने विचारलं. मी रोज रात्री ते स्पीकरवर काढून ठेवत होतो.

घड्याळात चुंबकत्व शिरलं की केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंग जणू आखूड होते, बॅलन्सचं चक्र, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणारं मागेपुढे झुलणारं चाक, भराभर हलतं आणि घड्याळ मिनिटांच्या हिशेबात पुढे धावतं. टॅबलेटचं कव्हर, पर्सचं चुंबकी बटण, फोनमागची चुंबकी रिंग, यातलं काहीही पुरतं. सिलिकॉनच्या हेअरस्प्रिंगला ही बाधा होत नाही. बाकीच्यांचं चुंबकत्व झाकण न उघडता काही सेकंदांत काढता येतं. माझं तसंच निघालं. त्या दिवशी ते दुसऱ्या कुणी उघडलं असतं, तर माझी वॉरंटी तिथेच संपली असती. म्हणून कळकळीने सांगतो, अधिकृत सर्व्हिस सेंटरखेरीज कुणालाही झाकणाला हात लावू देऊ नका.

दुसरी चूक म्हणजे एका दिवसावरून निकाल देणं. स्वित्झर्लंडच्या सीओएससी या घड्याळांची अचूकता तपासणाऱ्या संस्थेत घड्याळाच्या आतल्या यंत्राची चाचणी 15 दिवस, 5 स्थितींमध्ये आणि 3 तापमानांना होते. तिथेही दिवसाला सरासरी 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढी मुभा असते. तेव्हा 5 सेकंदांसाठी भांडू नका. दहा दिवस रोज एकाच वेळी फोनच्या घड्याळाशी ताडून फरक लिहा. रात्री तबकडी वर होती की क्राउन (बाजूची चावीची गुंडी) वर, हेही लिहा, कारण स्थिती बदलली की चाल बदलते. "वापरा, बसेल हळूहळू" असं विक्रेता म्हणेल. सुरुवातीला सेकंद-दोन सेकंद इकडेतिकडे होतातही, पण रोज 20 सेकंद पुढे जाणारं घड्याळ आपोआप ताळ्यावर येईल या भरवशावर बदलून मिळण्याची मुदत घालवू नका.

सकाळी बंद पडलेलं सापडलं, तर आधी क्राउनने 30-40 फेरे चावी द्या आणि न घालता टेबलावर ठेवून किती तास चालतं ते मोजा. बैठ्या कामात ऑटोमॅटिकला पुरेशी चावी बसत नाही. पुस्तिकेत 40 तास लिहिलेत आणि ते 25 तासांतच थांबलं, तर मात्र तक्रार खरी.

तारीख दुपारी बदलते? काटे 12 तास पुढे न्या, बस्स. पण रात्री 9 ते पहाटे 3 या वेळेत काटे न फिरवता क्राउनने थेट तारीख बदलू नका. तेव्हा अनेक घड्याळांत तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात आणि दात तुटू शकतो.

काचेच्या आत वाफ दिसली, तर मात्र नोंदी करत बसू नका. हेअर ड्रायर नको, तांदळाचा डबा नको. त्याच दिवशी अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा, गंज वाट पाहत नाही. क्राउन उघडा राहिला असेल तर तेही खरं सांगा.

तबकडीवरचा धुळीचा कण, तिरका काटा, खुणेला न जुळणारी बेझल (काचेभोवतीची कडी) हे सगळं पट्ट्याच्या कड्या काढण्याआधी भिंगातून पाहा. कड्या काढल्या की घड्याळ परत घ्यायला दुकानदार कुरकुरतात. वॉरंटी कार्डावरचा सिरियल नंबर घड्याळाशी जुळतो ना, तेही तेव्हाच पाहून घ्या.

दुरुस्तीला देताना "नीट चालत नाही" एवढंच लिहू देऊ नका. "दिवसाला 14 सेकंद पुढे, 10 दिवसांची नोंद सोबत" असं पावतीवर हवं. चहूबाजूंनी फोटो काढा आणि "पॉलिश करू नये" हे लेखी घ्या. नाहीतर घड्याळाच्या केसच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, धारदार कडा गोल होऊन परत येतात, आणि त्या पुन्हा पहिल्यासारख्या होणं कठीण. घड्याळ परत घेताना पाण्याच्या दाबाची चाचणी केल्याचा कागद मागा. झाकण एकदा उघडलेलं असतं, त्यामुळे तो हातात येईपर्यंत घड्याळ पाण्याजवळ नेऊ नका.